समुद्राचे हजेरीपुस्तक



वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या माणसाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई आणि कायदा यांवर बोलणार, असा सर्वांचा समज असतो. चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही 'समुद्राची मोजदाद' असे सांगितले. पलीकडे थोडा वेळ कोणी बोललेच नाही. मग हळूच प्रश्न आला, "साहेब, पाटणला समुद्र कुठला?" प्रश्न रास्त आहे. त्याचेच उत्तर देण्यासाठी आज आम्ही उभे आहोत.

आधी एक कबुली देतो. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि पाटण तालुक्यातल्या कित्येक घरांप्रमाणे आमच्या घरातली चूलही त्या संपाने थंड केली. पुढे आम्ही मुंबईच्या बाजारात पोती वाहिली, टोळीचे मुकादम झालो, संघटनेत आलो. जे काही वाचन झाले ते काम सुटल्यावर, मांडीवर शब्दकोश घेऊन. तेव्हा आम्ही जे सांगणार ते हमालाला समजले तेवढेच सांगणार. हमालाला समजते ते सर्वांनाच समजते, एवढा त्यात फायदा आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते हौसेने नव्हे. २२ आणि २३ जुलै २०२१ चा पाऊस इथे बसलेला कोणीही विसरलेला नाही. महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे डोंगर खाली आला आणि झोपलेली माणसे मातीखाली गेली. त्यानंतर काही दिवसांनी आम्ही संघटनेतर्फे चादरी आणि धान्य घेऊन आलो. एका शाळेत लोकांची तात्पुरती सोय केली होती. तिथे भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. तिने चादर घेतली, बाजूला ठेवली आणि विचारले, "पाऊस एवढा येनार हे वर कुनाला तरी ठावं हुतं म्हनं. मग आमच्या दारापतोर का न्हाई आलं रं बाबा ते?"

आम्ही तीस वर्षे सभा गाजवल्या, मालकांना आणि अधिकाऱ्यांना उत्तरे दिली. त्या म्हातारीला आम्हांला उत्तर देता आले नाही. 'वर' म्हणजे कुठे, आणि तिथे 'ठावं' कसे होते, हेच मुळी आम्हांला ठाऊक नव्हते. ते शोधत आम्ही मागे मागे निघालो. दारापासून डोंगर, डोंगरापासून ढग, आणि ढगापासून थेट अरबी समुद्रात दोन हजार मीटर खोल जाऊन पोहोचलो. आज तोच रस्ता तुम्हांला दाखवावयाचा आहे.

पाटणला समुद्र कुठला, या प्रश्नाचे उत्तर पहिल्यांदा देऊन टाकू. केरा आणि कोयना यांच्या संगमावर हे गाव वसले आहे. या दोन नद्यांत जे पाणी वाहते ते पावसाळ्यात अरबी समुद्रावरून आलेल्या वाऱ्यांनी आणलेले. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे सोळा फुटांहून जास्त पाणी. त्यातले काही कोयनेतून कऱ्हाडला कृष्णेस मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते. काही धरणाच्या बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात शिरते, पोफळीला वीज निर्माण करते आणि वाशिष्ठीतून पुन्हा अरबी समुद्राला जाऊन मिळते. दोन्ही समुद्रांना पाणी पाठवणारी गावे जगात फार नसतील. तेव्हा समुद्राशी आपले नाते नाही असे कोणी म्हणू नये. समुद्र आपल्या दारात दरवर्षी येतो, फक्त तो आभाळातून येतो.

आता मोजावयाचे काय, आणि कशासाठी?

चुलीवर तवा आणि शेजारी पाण्याची घागर ठेवा. तवा पटकन तापतो, पटकन निवतो. घागर उशिरा तापते आणि उशिरा निवते. हवा तव्यासारखी आहे, समुद्र घागरीसारखा. संपूर्ण वातावरणात जेवढी उष्णता मावते, तेवढी समुद्राच्या वरच्या अडीच-तीन मीटर पाण्यातच मावते, असे शास्त्रज्ञ सांगतात. कारखान्यांच्या आणि गाड्यांच्या धुराने पृथ्वीवर जी जादा उष्णता साठत आहे, तिच्यातला सुमारे नव्वद टक्के हिस्सा समुद्राने पोटात घेतला आहे. मान्सूनचा जोर, वादळाचा तडाखा, पावसातला खंड, या साऱ्यांचे इंधन त्या घागरीत आहे. नुसते वरून बोट बुडवून ते कळत नाही. वरचे पाणी गरम आहे, पण ते गरमपण दहा मीटर खोल आहे की शंभर मीटर, यावर सारे अवलंबून असते. वादळ समुद्र घुसळते. खाली गार पाणी असेल तर ते वर येते आणि वादळाचा जोर मोडतो. खालीही गरमच असेल तर वादळाला आणखी बळ मिळते.

दुसरी मोजणी खारेपणाची. नद्यांचे गोडे पाणी हलके असते, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर पसरून राहते. बंगालच्या उपसागरात अशी गोड्या पाण्याची साय धरते आणि तिच्यामुळे वरची उष्णता खाली मिसळत नाही. आपली कृष्णा त्या सायीत आपला वाटा घालते.

पण समुद्राच्या पोटात शिरून ही मोजणी करणार कोण? पूर्वी हे काम जहाजांवरची माणसे करीत. 'चॅलेंजर' हे इंग्रजी जहाज १८७२ ते १८७६ अशी चार वर्षे जगभर फिरले. दोरी सोडून खोली मोजावयाची, बाटलीत पाणी भरून वर ओढावयाचे, असे ते काम. आपल्या हिंदी महासागराची खरी मोजदाद फार उशिरा झाली. १९५९ ते १९६५ या काळात अनेक राष्ट्रांनी मिळून आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम काढली. भारतातर्फे नौदलाचे एक जहाज त्यात होते. त्याचे नाव 'किस्तना'. हे नाव वाचले आणि आम्ही पुस्तक खाली ठेवले. किस्तना म्हणजे इंग्रजी कानाने ऐकलेली आपली कृष्णा. कऱ्हाडच्या संगमावरून वाहणाऱ्या नदीचे नाव घेऊन ते जहाज समुद्राचे पाणी मोजत होते. त्या मोहिमेच्या पोटीच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मास आली. तिचे मुख्य ठाणे आज गोव्यात दोनापावलाला आहे.

जहाजाची अडचण अशी की ते एका वेळी एकाच ठिकाणी असते, त्याला खर्च फार, आणि पावसाळ्यात, जेव्हा माहिती सर्वांत जास्त हवी तेव्हाच, खवळलेल्या समुद्रात काम करणे सर्वांत कठीण. म्हणून काही लोकांच्या मनात आले की माणसाशिवाय पाण्यात राहील असे काही करता येईल का? १९५५ साली इंग्लंडमध्ये जॉन स्वॅलो नावाच्या शास्त्रज्ञाने बांधकामाच्या परांचीला लागतात तसे ॲल्युमिनियमचे नळ घेतले आणि ठरलेल्या खोलीवर न बुडता, न तरता, अधांतरी राहील असे नळकांडे बनवले. परांचीचे नळ! कामगाराच्या खांद्यावरून जी वस्तू रोज जाते तिच्यातून हे शास्त्र उभे राहिले, याचा आम्हांला आनंद वाटतो. ते नळकांडे आवाज करी आणि जहाज वर थांबून तो ऐके. पुढे १९९० च्या सुमारास अमेरिकेत रस डेव्हिस आणि डग वेब या दोघांनी स्वतःहून वर येणारे आणि उपग्रहाला निरोप देणारे नळकांडे तयार केले. त्याची सुधारलेली रूपे घेऊन १९९९-२००० मध्ये 'आर्गो' नावाची जागतिक योजना सुरू झाली. या नळकांड्यांना फ्लोट म्हणतात. आम्हीही तोच शब्द वापरू.

फ्लोट म्हणजे माणसाच्या उंचीचा, पंचवीस-तीस किलो वजनाचा एक बंद नळा. डोक्यावर अँटेना आणि मोजण्याची यंत्रे, पोटात बॅटरी, पंप आणि थोडे तेल. त्याला मोटर नाही, पंखा नाही, सुकाणू नाही. मग तो वरखाली कसा होतो?

नदीत पोहायला शिकताना पाठीला वाळलेला भोपळा बांधत, हे इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. भोपळ्याने वजन फारसे वाढत नाही, पण आकार वाढतो, आणि माणूस तरतो. फ्लोटचे तेच. त्याच्या तळाशी रबराची पिशवी असते. पंपाने पोटातले पेलाभर तेल त्या पिशवीत ढकलले की वजन तेच राहते, आकार वाढतो आणि फ्लोट वर येतो. तेल परत पोटात घेतले की आकार घटतो आणि तो खाली जातो. एवढीच युक्ती आहे.

आता त्याची पाळी पाहा. समुद्रात सोडल्यावर तो हजार मीटर खोल जातो आणि प्रवाहाबरोबर वाहत राहतो. नऊ दिवस असे गेले की तो आणखी खाली, दोन हजार मीटरपर्यंत उतरतो. तिथे दर चौरस सेंटिमीटरवर दोनशे किलोचा दाब असतो. आमच्या भाषेत सांगायचे तर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर शंभर किलोची दोन पोती. तिथून तो वर निघतो आणि सुमारे सहा तासांच्या वाटेत ठिकठिकाणी दाब, तापमान आणि खारेपणा टिपत येतो. त्याचा तापमापक इतका बारीक असतो की अंशाच्या हजाराव्या हिश्शाच्या घरात तो बोलतो. वर आला की निरोप पाठवतो आणि पुन्हा बुडतो. दहा दिवसांची एक पाळी, चार-पाच वर्षे नोकरी, सुट्टी नाही. बॅटरी संपली की तो गप्प होतो आणि बहुधा समुद्रातच राहतो. तो कचरा समुद्रात राहतो हे खरे. ते लपवू नये.

निरोप पाठवण्याचीही गंमत आहे. पाण्यातून रेडिओचा संदेश जात नाही, म्हणून जे काही बोलावयाचे ते वर आल्यावरच. आरंभीचे फ्लोट 'आर्गोस' या फ्रेंच-अमेरिकन व्यवस्थेतून बोलत. तिची यंत्रे ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांवर असत. उपग्रह माथ्यावर असेल तेवढी काही मिनिटेच संदेश पोचे आणि एका संदेशात मावे ते अगदी थोडे, तारेतल्या मजकुरासारखे. म्हणून फ्लोट सहा ते बारा तास लाटांवर हेलकावे खात तेच तेच पुन्हा सांगत बसे. तो नेमका कुठे आहे हे उपग्रहाने कसे ओळखावे? एस. टी. भोंगा वाजवत जवळ येते तेव्हा आवाज चढा वाटतो, पुढे निघून गेली की उतरतो. संदेशाच्या तशाच चढउतारावरून उपग्रह फ्लोटचे ठिकाण काढी. आपल्या देशाने २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून 'सरल' हा उपग्रह सोडला, त्यावरही आर्गोसचे यंत्र होते. आता पुष्कळसे फ्लोट 'इरिडियम' या सहासष्ट उपग्रहांच्या जाळ्यातून बोलतात. काम तासाच्या आत होते, आणि उलट दिशेनेही निरोप देता येतो: वादळ येत आहे, दहा दिवस थांबू नकोस, लवकर वर ये.

मागल्या वेळी फ्लोट कुठे वर आला आणि या वेळी कुठे, यांतले अंतर मोजले म्हणजे खोलातला प्रवाह कळतो. वाहत जाणे हीसुद्धा एक नोंद ठरते.

असे तीन हजार फ्लोट जगभर सोडावयाचे, असा संकल्प होता. नोव्हेंबर २००७ मध्ये तो पुरा झाला. आज ही संख्या चार हजारांच्या आसपास आहे. साधारण पाटणहून मुंबई जेवढी दूर, तेवढ्या अंतरावर एकेक. तीसएक देशांनी मिळून हे फ्लोट सोडले आहेत. २०१२ च्या अखेरीस दहा लाखावी नोंद झाली. प्रत्येक फ्लोट समुद्रात उतरवतो तो मात्र माणूसच. कधी संशोधन-जहाजावरचा, कधी मालवाहू जहाजावरचा खलाशी पुठ्ठ्याच्या खोक्यातला फ्लोट दोरीने हळूच पाण्यात सोडतो. त्या खलाशाचे नाव कोणत्याही शोधनिबंधात येत नाही. आम्ही ते इथे आदराने घेतो, नाव ठाऊक नसले तरी.

भारतात हे काम हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेकडे आहे. ती १९९९ साली स्थापन झाली. हिंदी महासागरातल्या फ्लोटांची माहिती तिच्याकडे येते, तपासली जाते आणि जगाला दिली जाते. पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था १९६२ पासून मान्सूनचा अभ्यास करीत आहे. २०१२ मध्ये मान्सून मिशन सुरू झाले, तेव्हापासून हवा आणि समुद्र यांचा एकत्र हिशेब करून अंदाज काढण्याचे काम तिथे जोराने चालले. त्या हिशेबात समुद्राच्या बाजूला आरंभीचे आकडे भरावे लागतात. त्यांतले कित्येक आकडे या फ्लोटांचे असतात. म्हणजे म्हातारीने म्हटलेले 'वर', ते हे.

आता आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट सांगतो. हे सर्व आकडे, निरोप आल्यापासून सामान्यतः चोवीस तासांत, कोणालाही फुकट मिळतात. फ्रान्समधील ब्रेस्ट आणि अमेरिकेतील माँटेरी येथे दोन कोठारे आहेत. ती सर्वांना उघडी. १९९९ साली युनेस्कोच्या आंतरसरकारी समुद्रविज्ञान आयोगात असेही ठरले की एका देशाचा फ्लोट वाहत दुसऱ्या देशाच्या सागरी हद्दीत जाण्याचा संभव असेल तर त्या देशाला आधी कळवावे. एकमेकांवर तोफा रोखणारी राष्ट्रे समुद्राच्या तापमानाचा हिशेब एका वहीत लिहितात, हे आम्हांला नवल वाटले.

वही उघडी ठेवण्याचा दुसराही लाभ आहे. २००६ साली अमेरिकेतील काही शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले की दोन-तीन वर्षांत समुद्र निवू लागला आहे. जगभर चर्चा झाली. आकडे सर्वांपुढे होते, म्हणून तपासणी झाली. काही फ्लोटांत दाबाची, म्हणजे खोलीची, नोंद चुकत होती असे निघाले. जहाजांवरून टाकावयाच्या जुन्या पद्धतीच्या तापमापकांतही दोष होता. २००७ मध्ये त्याच शास्त्रज्ञांनी चूक जाहीर केली. समुद्र निवत नव्हता. आम्ही पुष्कळ वाटाघाटींना बसलो आहोत. कागदावरचा आकडा चुकला असे स्वतःहून सांगणारा माणूस आम्हांला क्वचितच भेटला. वही बंद असती तर ती चूक कदाचित आजही सत्य म्हणून मिरवली असती.

आम्ही हमाली करीत होतो तेव्हा जुनी माणसे सांगत की एके काळी बाजारातल्या हमालाची कुठेही नोंद नव्हती. किती वाहिले, किती दिवस आला, कंबर केव्हा मोडली, काही नाही. नोंद नाही म्हणून हक्क नाही. आपल्याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनी ती माणसे एकत्र केली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्या कायद्याने पहिले काय केले? कामगाराची आणि मालकाची नोंदणी. आधी हजेरीपुस्तक, मग मजुरी, मग औषधपाणी. ज्याची मोजणी नाही त्याची मागणी नाही, हे आम्ही तिथे शिकलो. आर्गो म्हणजे समुद्राचे हजेरीपुस्तक होय.

पण हजेरीपुस्तक भरले म्हणून मजुरी आपोआप मिळत नाही. इथे आमचे खरे दुखणे आहे.

मे २०२१ मध्ये अरबी समुद्रात 'तौक्ते' वादळ झाले. समुद्र तापलेला होता आणि वादळाने झपाट्याने जोर धरला. वादळ येणार याची सूचना काही दिवस आधी निघाली होती. तरीही मुंबईपासून दूर समुद्रात तेलविहिरींच्या कामावरचे तराफे राहिले. १७ मे रोजी पी-३०५ नावाचा तराफा बुडाला. त्यावर अडीचशेहून अधिक माणसे होती, त्यांतली सत्तरहून अधिक गेली. कोणी वेल्डर, कोणी फिटर, कोणी स्वयंपाकी, बहुतेक कंत्राटी. नौदलाच्या जवानांनी जीव धोक्यात घालून कित्येकांना वाचवले. आता सांगा, इथे कोणते यंत्र कमी पडले? माहिती होती. माहिती आणि माणूस यांच्यामध्ये जे आहे, ते कमी पडले.

दुसरे उदाहरण उलट बाजूचे. चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था समुद्रात नांगरलेले मोठे बोये ठेवते. ते एकाच जागी राहून वारा, लाटा आणि पाण्याचे तापमान उपग्रहामार्फत कळवतात. बोयाच्या सावलीला मासे जमतात, म्हणून मच्छीमार तिथे येतात, होडी बांधतात, आणि काही वेळा यंत्रे मोडतात, सौरपत्रे नाहीशी होतात. वादळाची खबर देणारा बोया ऐन वेळी मुका होतो. मच्छीमाराला दोष देणे सोपे आहे. पण हा बोया तुझ्याच पोराला वादळातून परत आणण्यासाठी आहे, हे त्याला कोणी वेळीच सांगितले का? जिथे सांगितले जाते तिथे राखणही होते. ज्ञान ज्याच्या उपयोगाचे आहे, त्याला त्यात भागीदार केले नाही, तर तो त्याला परके समजतो. यात मच्छीमार आणि शिकलेला माणूस असा भेद नाही.

आता पुन्हा त्या म्हातारीकडे येतो. तिला खरे उत्तर काय? फ्लोटने सांगितले असते का की अमुक रात्री अमुक वाडीवर डोंगर येणार? नाही. तसे कोणी सांगत असेल तर तो तुम्हांला फसवतो. समुद्राची मोजदाद मान्सूनचा आणि येत्या काही दिवसांचा अंदाज सुधारते. येणाऱ्या वादळाची ताकद ती आधी कळू देते. जुलै २०२१ मध्येही कोकण आणि घाटमाथ्यासाठी हवामानखात्याचे अतिवृष्टीचे इशारे निघत होते. पण इशारा जिल्ह्याला असतो, दरड वाडीवर पडते. नवजाला कोसळतो तेवढा पाऊस पाटणला पडत नाही, हे इथली शाळकरी मुलेही जाणतात. आपल्या वाडीच्या माथ्यावर काल किती पडला, परवा किती पडला, जमीन किती पाणी पिऊन बसली आहे, हे वाडीतच मोजले पाहिजे. ते मोजायला उपग्रह लागत नाही.

दोन हजार मीटर खोल समुद्रात, जिथे चिटपाखरू नाही, तिथला हिशेब दर दहा दिवसांनी जगाला कळतो. आणि माणसे झोपतात त्या डोंगराचा हिशेब कोणाकडे नाही. ही आमची लाज आहे. कुठल्या कचेरीवर बोट ठेवण्यासाठी आम्ही हे बोलत नाही. त्या वर्षी तालुक्यात आम्हीही होतो आणि आम्हीही मोजले नव्हते.

मोजणीची परंपरा या मातीत नाही असे नव्हे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्यानंतर इथल्या भूमीची बारीकशी हालचालही टिपली जाऊ लागली, आणि देशोदेशीचे लोक तिचा अभ्यास करीत आले. कोयनेचे कंप जगाच्या पुस्तकांत गेले. तेव्हा पाऊसही वाडीच्या फळ्यावर येऊ शकतो.

म्हणून आम्ही आज नुसते बोलून जाणार नाही. आमच्या संघटनेतल्या पाटण तालुक्याच्या सभासदांनी एका दिवसाची मजुरी बाजूला काढली आहे. त्यातून डोंगराकडेच्या काही वाड्यांना पर्जन्यमापक देण्याचे ठरले आहे. ते साधे भांडे आहे. अंगणात मोकळ्या जागी ठेवावयाचे, रोज सकाळी साडेआठला मोजावयाचे आणि आकडा शाळेच्या फळ्यावर लिहावयाचा. किती पावसाला घर सोडावयाचे, ते जाणकारांना बोलावून प्रत्येक वाडीसाठी ठरवून घेऊ. घर सोडून कुठे जावयाचे, शाळेत की देवळात, ते पाऊस येण्याआधी ठरवू. निरोप कोणी द्यावयाचा त्या माणसाचे नाव फळ्यावर राहील. मोबाइल बंद पडतो, वीज जाते, म्हणून हलगी कोणाच्या घरात आहे तेही लिहून ठेवू. पूर्वी दवंडी पिटत. ती काही वाईट व्यवस्था नव्हती.

यात आमच्या पैशापेक्षा तुमच्यापैकी कोणाच्या तरी सकाळी जास्त मोलाच्या आहेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकही दिवस न चुकता आकडा लिहील असा एकेक माणूस, एकेक मुलगी, एकेक मास्तर आम्हांला प्रत्येक वाडीतून हवा आहे. पगार नाही. फ्लोटलाही पगार नाही. सभा संपल्यावर आम्ही दाराशी वही घेऊन बसणार आहोत. ज्यांना नाव द्यावयाचे असेल त्यांनी द्यावे.

ती म्हातारी आज हयात आहे. पुढल्या पावसाळ्याआधी आम्ही तिच्याकडे जाणार आहोत. तिच्या दारापर्यंत निरोप आला पाहिजे, एवढेच आम्हांला तिला दाखवावयाचे आहे.